लिंबूटिंबूवर राज्य नाही

मराठी बालखेळांच्या परिभाषेत एक शब्द असा आहे की ज्याला नियमपुस्तिकांत जागा मिळाली नाही, आणि तरीही ज्याच्यावाचून आळीतला एकही खेळ फार काळ सुरळीत चालला नसता. तो शब्द म्हणजे लिंबूटिंबू. मोठ्या मुलांचा डाव रंगात आलेला असतो आणि चार-पाच वर्षांचे एखादे पोर, बहुधा खेळणाऱ्यांपैकीच कोणाचे तरी धाकटे भावंड, 'मलाही घ्या' म्हणून हट्ट धरून उभे राहते. त्याला घेतले तर खेळाचा विचका होणार. न घेतले तर ते भोकाड पसरून घरी जाणार आणि पाठोपाठ थोरल्याला घरून हाक येणार. या पेचातून मुलांनीच काढलेली वाट अशी की, पोराला घ्यायचे, पण लिंबूटिंबू म्हणून. त्याने सर्वांबरोबर धावायचे, ओरडायचे, पाळी आली की डावही घ्यायचा. मात्र तो बाद झाला तरी बाद नाही, आणि त्याच्यावर राज्य येत नाही.

'राज्य' हा शब्दही क्षणभर थांबून पाहण्यासारखा आहे. ज्याच्यावर राज्य आले तो राजा नव्हे. तो बिचारा एकटा पडलेला, सर्वांच्या मागे धावणारा, सर्वांची चेष्टा सोसणारा. सत्तेविषयीचा इतका मार्मिक उपरोध आमच्या राजकीय कादंबऱ्यांनाही क्वचितच साधला असेल. तर, या राज्यापासून सूट मिळालेला नागरिक म्हणजे लिंबूटिंबू. मुंबईच्या चाळींत त्यालाच 'कच्चा लिंबू' म्हणतात. जयवंत दळवींच्या 'ऋणानुबंध' या कादंबरीवरून प्रसाद ओक यांनी २०१७ मध्ये जो चित्रपट केला, त्याला नेमके हेच नाव दिले. एका विशेष मुलाच्या आईवडिलांची ती कथा आहे, आणि खेळात घेतलेल्या पण खेळात न मोजलेल्या जिवाचे नाव तिला शोभून दिसते.

ही सोय केवळ मराठी मुलांनीच केली असे नाही. बंगाली मुले अशा गड्याला 'दूधभात' म्हणतात. तमिळमध्ये त्याला 'ओप्पुक्कु चप्पाणी', म्हणजे केवळ नावापुरता घेतलेला पांगळा, म्हणतात. त्या पांगळ्याकडे आपल्याला पुढे परत यायचे आहे.

अमेरिकेने याच पेचाला वेगळे उत्तर दिले, आणि त्या उत्तराचे नाव टी-बॉल. बेसबॉल हा लहान मुलासाठी मोठा निर्दय खेळ आहे. अंगावर येणारा वेगवान चेंडू, गोल दांडक्याने, हवेतल्या हवेत मारायचा. पाच वर्षांच्या मुलाला ते साधत नाही, आणि त्याच्या वयाच्या गोलंदाजाला चेंडू नीट टाकताही येत नाही. परिणामी कोणीच काही मारत नाही आणि सर्वजण उन्हात उभे राहतात. म्हणून चेंडू टाकणाराच काढून टाकला. कमरेइतक्या उंचीच्या एका खुंटीवर चेंडू ठेवायचा, खुंटी मुलाच्या उंचीप्रमाणे वर-खाली करायची, आणि स्थिर चेंडूवर मुलाने दांडके फिरवायचे. लागला की धावत सुटायचे. साधारणपणे चार ते सात वर्षांच्या मुलांचा हा खेळ. अनेक ठिकाणी गुण मोजत नाहीत, आणि प्रत्येक डावात प्रत्येक मुलाला मारायला मिळते. पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावी कार्ल स्टॉट्झ यांनी १९३९ मध्ये मुलांसाठी 'लिटल लीग' सुरू केली. तिच्याही खालच्या वयाची सोय पुढे या खेळाने केली. तो नेमका कुठे जन्मला याविषयी मात्र एकमत नाही. मिशिगनमधले अल्बियन, जॉर्जियातले वॉर्नर रॉबिन्स, मिसिसिपीतले स्टार्कव्हिल अशी अनेक गावे १९५० नंतरच्या आपापल्या तारखा पुढे करतात. संतांच्या जन्मस्थानांवरून चालणारे आपल्याकडचे वाद ज्यांना परिचित आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही. २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर या खेळाचे सामने भरवले, तेव्हा लिंबूटिंबूंना खरोखरच राज्याच्या अंगणात प्रवेश मिळाला म्हणायचा.

म्हणजे एकीकडे नियमाला दिलेली सूट आणि दुसरीकडे साधनात केलेला बदल. आपल्या परंपरेत ही दुसरी वाट नव्हतीच काय? होती, आणि ती शोधण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

महाभारताच्या आदिपर्वात द्रोणाचार्यांचा हस्तिनापुरातला प्रवेश शस्त्राने होत नाही, मुलांच्या खेळाने होतो. कुरुकुमार नगराबाहेर 'वीटा' खेळत असतात. ती विहिरीत पडते. कोणालाच काढता येत नाही. एक कृश, सावळा ब्राह्मण येतो, गवताच्या काड्या एकीत एक रोवत त्यांची साखळी करतो आणि वीटा बाहेर काढून देतो. मुले ही वार्ता भीष्मांना सांगतात आणि द्रोण राजगुरू होतात. आता ही वीटा म्हणजे काय? कोणी तिचा अर्थ चेंडू असा करतात. पण सतराव्या शतकातला महाभारताचा प्रसिद्ध टीकाकार नीलकंठ चतुर्धर म्हणतो की, वीटा म्हणजे जवाच्या दाण्याच्या आकाराचा वीतभर लाकडी तुकडा, जो मुले हातभर दांड्याने उडवतात. मोनिअर-विल्यम्सच्या कोशातही हाच अर्थ शिरला आहे. नीलकंठाने टीका काशीत लिहिली, पण तो मूळचा गोदाकाठच्या कोपरगावचा. मधे जाडसर आणि दोन्ही टोकांना निमुळता असा तो तुकडा वर्णन करताना त्याच्या डोळ्यांसमोर कोणते अंगण होते, याची कल्पना मराठी वाचकाने करावी. व्यासांना विटीदांडू अभिप्रेत होता असे आम्ही म्हणत नाही. त्याला पुरावा लागेल. पण कोपरगावच्या एका पंडिताला, महाभारत वाचताना, तो विटीदांडूच वाटला, एवढे मात्र निश्चित. आणि आमच्या विषयाला तेवढे पुरेसे आहे.

विटीदांडूचे मर्म असे की, त्यात गोलंदाज नाही. जमिनीत एक लांबट खळगा, गल, खणायचा. तिच्यावर विटी आडवी ठेवायची. दांडूचे टोक खाली घालून ती दूर भिरकावायची. याला कोलणे म्हणतात. कोलायला नेम लागत नाही, फार ताकदही लागत नाही. खेळाचा पहिला हात असा आहे की तो तीन-चार वर्षांच्या मुलालाही मारता येतो. विटी कोणी झेलली नाही, आणि आडव्या ठेवलेल्या दांडूला ती फेकून लावताही आली नाही, तर मग खरा टोला. त्यात जमिनीवर पडलेल्या विटीच्या टोकावर हलकेच टिपरू मारून तिला उडवायचे आणि ती हवेत असतानाच हाणायची. इथे मात्र कस लागतो. चेंडू दुसऱ्याने टाकायचा नाही, आपला आपणच उठवायचा. त्याची उंची, वेळ, सगळे आपल्या हातात. टी-बॉलची खुंटी चेंडूला कमरेइतका वर धरते. विटीच्या खेळात ते काम मुलाचेच मनगट करते. खुंटी हे शिकवण्याचे साधन आहे, आणि टिपरू मारणे ही शिकलेली विद्या. दोहोंत गोलंदाजाची गरज नाही, हे साम्य महत्त्वाचे. पण एकात अडचण दूर केली आहे आणि दुसऱ्यात ती मुलाच्या स्वाधीन केली आहे.

विटी किती लांब गेली हे दांडूने मोजतात, आणि त्या मोजणीचे शब्द भाषेच्या अभ्यासकांना सुपरिचित आहेत: वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झक्कू. गावोगावी उच्चार बदलतात, क्वचित क्रमही. मोजणी जिथे संपेल त्या नावाप्रमाणे पुढचा टोला कसा मारायचा, विटी पायावर ठेवून की मुठीवर की डोळ्यावर, ते ठरते. हे शब्द मराठी नाहीत. तेलुगूत एक म्हणजे ओकटि, दोन म्हणजे रेंडु, तीन मूडु, चार नालुगु. आर म्हणजे सहा. तो तेलुगू, कन्नड, तमिळ या तिन्ही भाषांत आहे. आम्हांला असे वाटते की 'वेद' हा तेलुगू 'एडु', म्हणजे सात, याचा आपल्या मुलांनी केलेला संस्कृत अवतार असावा. तसे असेल तर या मोजणीत पाच तेवढा गळाला आहे. मुलांच्या तोंडून अंक गळणे हे काही भाषाशास्त्रीय आश्चर्य नव्हे. कोणत्याही बालवाडीत ते रोज घडते. आश्चर्य हे की, ज्यांचा अर्थ कोणाला कळत नाही असे शब्द पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले, आणि तेही तेलुगू कानावर न पडणाऱ्या कोकणपट्टीपर्यंत.

ते टिकले कसे, याचे उत्तर लिंबूटिंबूतच आहे. आयोना आणि पीटर ओपी या ब्रिटिश दांपत्याने १९५९ मध्ये शाळकरी मुलांच्या मौखिक परंपरेवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातले मुख्य निरीक्षण असे की, ही परंपरा मोठ्यांकडून मुलांकडे जात नाही. ती मुलाकडून मुलाकडे जाते. दहा वर्षांचा सातवाल्याला देतो, सातवाला पाचवाल्याला. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातले अंतर दोन-तीन वर्षांचेच, आणि म्हणून एका माणसाच्या हयातीत या परंपरेच्या कितीतरी 'पिढ्या' होऊन जातात. लिंबूटिंबू हा या साखळीतला उमेदवार. तो दोन-तीन हंगाम नुसता मागे धावतो, मोजणी ऐकतो, 'वकट, लेंड' घोकतो, कोणी बघत नसताना दांडू उचलून पाहतो. एके दिवशी मोठ्यांपैकी कोणीतरी म्हणतो, आता हा पक्का. त्या दिवसाची तारीख कोणी लिहून ठेवत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना इथे एका पात्राची आठवण करून द्यावीशी वाटते. संतांनी खेळांवर विपुल लिहिले. तुकारामांच्या गाथेत विटूदांडू, चेंडूफळी, हमामा, हुतुतू, फुगडी, टिपरी या खेळांच्या नावांनीच अभंगांचे गट आहेत. डाव, गडी, खेळिया, हार या शब्दांना त्यांनी परमार्थाचा अर्थ दिला. त्याची चर्चा वर्गांतून पुष्कळ होते. कमी चर्चा होते ती गड्यांच्या यादीची. कृष्णाच्या गोकुळातल्या सवंगड्यांत मराठी परंपरेने पेंद्या घातला, आणि त्याच्या जोडीला वाकडे, बोबडे असे आणखी काही. पेंद्या अडखळत बोलतो, धड चालत नाही, त्याला खेळ धड येत नाही. पण काल्यात त्याची शिदोरी असते आणि खेळात त्याची जागा असते. पुढे तमाशाच्या गौळणीत त्याचे विनोदी सोंग झाले आणि प्रेक्षक त्याच्या बोबड्या बोलांवर हसू लागले. मूळ योजना मात्र हसण्याची नसावी. तमिळ मुलांच्या 'नावापुरत्या पांगळ्या'शेजारी आमचा पेंद्या ठेवून पाहिला तर ध्यानात येते की, खेळात दुबळ्याला घ्यायचे, त्याच्यावाचून काला करायचा नाही, हा विचार इथे भक्तीच्या चौकटीत आलेला आहे. देव ज्या खेळात आहे त्या खेळात लिंबूटिंबू असलाच पाहिजे.

विसाव्या शतकात हे खेळ अंगणातून मैदानात आले. पुण्यात १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना स्थापन झाला. खो-खो आणि हुतुतू यांना लिखित नियमांत बांधण्याच्या कामात पुणे, सातारा आणि बडोदे इथल्या मंडळींचा वाटा मोठा होता. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याच्या स्पर्धा, त्याच शहरातून १९३६ पासून खंडाखंडाने निघालेला द. चिं. मुजुमदारांचा 'व्यायामज्ञानकोश', अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी दाखवलेली प्रात्यक्षिके, हा सगळा एकाच उत्साहाचा इतिहास आहे. परक्या राज्यात आपल्या खेळांनाही शास्त्र आहे हे सिद्ध करण्याची ती ईर्षा होती, आणि तिचे फळ आपण पाहतोच. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत कबड्डी पदकाचा खेळ झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. त्यात भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी अजिंक्यपद मिळवले, आणि दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राकडे होते.

पण शास्त्र म्हटले की संख्या ठरते. संघात इतके गडी, मैदानात नऊ, घड्याळाची इतकी मिनिटे. गुणपत्रिकेत जो मोजला जातो तो गडी. जो मोजला जात नाही त्याला रकानाच नाही. नियम करणाऱ्यांना यात दोष देण्याचे कारण नाही, कारण न मोजलेला दहावा गडी मैदानात सोडून स्पर्धा भरवता येत नाही. पण अंगणातल्या खेळाला शाळेच्या पटांगणावर आणताना धाकटे भावंड कुंपणाबाहेर राहिले, हे नोंदवलेच पाहिजे. विटीदांडूची गत आणखी वेगळी झाली. त्यालाही नियमांत बसवण्याचे प्रयत्न झाले, पण दोन्ही टोकांना निमुळती विटी डोळ्याला लागण्याची भीती खरी होती, आणि मुलांच्या डोळ्यांपेक्षा परंपरा मोठी असे कोणत्याही शहाण्या शिक्षकाने म्हणू नये. शिवाय गल खणायला माती लागते. फरशीच्या आवारात ती कुठून आणणार?

विटीदांडू गेला आणि त्याची जागा क्रिकेटने घेतली, असे सरसकट सांगितले जाते. ते फारसे खोटे नाही. पण या दोन खेळांत नवख्याचे स्थान किती भिन्न आहे, ते क्वचितच कोणी सांगते. क्रिकेटमध्ये नवखा किंवा दुबळा गडी प्रथम चेंडू आणायला जातो. बॅट ज्याची त्याचा पहिला डाव, हा गल्लीचा अलिखित कायदा. तो गल्लीत जन्मलेला नाही. पळवणकर बाळू हे भारताचे पहिले थोर फिरकी गोलंदाज. चांभार समाजात जन्मलेले हे गृहस्थ पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाच्या चाकरीला होते. सरावाच्या जाळ्यात साहेब फलंदाजी करीत आणि बाळू तासन्‌तास चेंडू टाकीत. रामचंद्र गुहांनी आपल्या क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात लिहिले आहे की, त्या इतक्या तासांत बाळूंच्या हाती बॅट मात्र एकदाही दिली गेली नाही. खेळाची सुरुवात कोणत्या टोकाने करून द्यायची, हा म्हणून केवळ क्रीडाशिक्षणाचा प्रश्न राहत नाही. पुढे मोठ्या सामन्यांत बाळूंनी काय केले ते इतिहासात आहे. पण ज्याला आधी दांडू मिळतो आणि ज्याला आधी चेंडूमागे धावावे लागते, त्या दोन मुलांना खेळ सारखा दिसत नाही.

या दृष्टीने टी-बॉलची खुंटी हे एक मोठे लोकशाही साधन आहे. तिथे प्रत्येकजण मारतो. आपल्या क्रिकेट-शाळांतही खुंटीचे एक भावंड वापरात आहे. जुन्या मोज्यात चेंडू घालून तो दोरीने टांगायचा आणि मुलाने तासभर त्यावर सरळ बॅटने सराव करायचा. फरक असा की, टांगलेला चेंडू हा एकट्याने करायचा रियाज आहे. त्यात धावणे नाही, गडी नाहीत, ओरडा नाही. टी-बॉलमध्ये पहिल्याच दिवशी अख्खा खेळ मिळतो. जाता जाता एक योगायोग: आपल्याकडे उत्तम प्रशिक्षकाला जो राष्ट्रीय पुरस्कार १९८५ पासून देतात, त्याला द्रोणाचार्यांचे नाव आहे. शिवाजी पार्कच्या रमाकांत आचरेकरांना तो १९९० मध्ये मिळाला. ज्यांनी विहिरीतून मुलांची वीटा काढून दिली त्या द्रोणांचे स्मरण उचितच आहे. त्याच द्रोणांनी निषादांच्या एकलव्याला शिष्य म्हणून घेतले नाही, ही गोष्टही त्याच आदिपर्वात, त्या प्रसंगाच्या नंतर थोड्याच अंतरावर येते.

एकलव्याच्या लेकरांना कोणी घेतले का? याचे एक उत्तर आजच्या पालघर जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) या भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम करून मुंबईस आल्या आणि १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावी त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०-१९९२) तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण वस्तीतली मुले येईनात; तेव्हा बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. १९७५ मध्ये केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास योजना आली आणि हा शब्द देशभर गेला. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. तिथे वारली मुले दिवसा गुरे राखत. त्यांना शाळेत बसवणे शक्य नव्हते. म्हणून शाळा कुरणात गेली आणि तिला कुरणशाळा हे नाव पडले.

मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमला बालगृह काढले, त्यांच्या साधनांचे तत्त्व असे होते की, एका वेळी एकच अडचण मुलापुढे ठेवावी. मनोरा रचायचा तर सगळे ठोकळे एकाच रंगाचे. फरक फक्त आकाराचा. खुंटीवरचा चेंडू हे या तत्त्वाचेच अजाणतेपणी केलेले उपयोजन आहे. चेंडूची गती काढून घेतली, उरला फक्त फटका. ताराबाईंनी माँटेसरींचे तत्त्व मनापासून स्वीकारले. पण महागडी साधने बोर्डीच्या वस्तीत कुठली? त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने हाती घेतली. कुरणशाळेतही जे रानात आहे तेच साधन. आमच्या मते मराठी शिक्षणविचाराने केलेले हे सर्वांत मूळगामी काम आहे, आणि साहित्याच्या मंडळींनी ते बालगीतांपुरते वाचून सोडून दिले आहे. अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे पुस्तक आत्मचरित्र म्हणून नेमले जाते. ते खेळाचे पुस्तक म्हणूनही वाचता येईल. मूल येत नसेल तर खेळानेच मुलाकडे जायचे, ही त्यातली कळ आहे.

आता याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, वसई-विरारच्या बाजूला, चांदीपसारखे गाव घ्या. शिरसाडहून अंबाडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या टापूतले हे गाव. पश्चिमेला रेल्वेकाठचे शहर दाटत गेले आणि ते महामार्ग ओलांडून पूर्वेकडे सरकते आहे. या पट्ट्यात भाताची कापणी झाली की रिकामी शेते हीच मैदाने होतात. ढेकळे फोडून मधली पट्टी सपाट करायची आणि पावसापर्यंत खेळायचे. जिथे शेत उरले नाही तिथे इमारतींमधल्या बोळात अंडरआर्म क्रिकेट आले. हात खांद्यावरून न फिरवता खालून चेंडू टाकायचा, भिंतीला थेट लागला तर बाद, गच्चीत गेला तर बाद आणि शिवाय आणून द्यायचा. अंडरआर्म ही जागेच्या टंचाईने केलेली तडजोड आहे, पण तिचा लाभ अनायासे धाकट्यांना झाला. खालून येणारा चेंडू सहा वर्षांच्या मुलालाही मारता येतो. नियम कोणी लिहिले नाहीत. आळीप्रमाणे बदलतात, आणि लिंबूटिंबूला जागा असते.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांत या कहाणीला आणखी एक वळण लागते. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले, तेव्हापासूनच्या दोन पिढ्यांत बेसबॉलशी पहिली ओळख बहुतेकांना मुलांच्या टी-बॉलमुळे झाली. सरळ बॅटवर वाढलेल्या बापाला, आडवे दांडके फिरवणाऱ्या मुलाला काय सांगावे ते कळत नाही. क्रिकेटच्या नीतिशास्त्रात आडवी बॅट हे पातकच. खरे पाहता त्या बापाच्या आजोबांना ते सहज सांगता आले असते, कारण विटीचा टोला आडवाच असतो. आपल्याकडे सॉफ्टबॉलची राष्ट्रीय संघटना १९६१ ची आणि बेसबॉलची १९८३ ची. शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल महाराष्ट्रात पुष्कळ खेळला जातो. पण तो सुरू होतो मोठ्या वयात, आणि त्याच्या प्रशिक्षणात दांडूच्या टोल्याची आठवण कोणी काढीत नाही.

शेवटी पुन्हा शब्दाकडे. वृत्तपत्रांच्या क्रीडापानाने 'लिंबूटिंबू' हा शब्द उचलला तो दुबळ्या संघांसाठी. विश्वचषक आला की 'लिंबूटिंबू संघांचा भरणा', 'लिंबूटिंबूंविरुद्ध सराव' असे मथळे येतात. आळीत हा शब्द संरक्षणाचा होता. तो ज्याला लावला त्याला हरवता येत नसे, कारण त्याची हार मोजायचीच नाही असे ठरलेले असे. मथळ्यात तो हिणवण्याचा झाला, आणि अर्थ बरोबर उलटला: लिंबूटिंबू म्हणजे ज्याला हमखास हरवता येते तो. अंगणात मोजणीबाहेर असलेला गडी गुणतक्त्याच्या तळाशी येऊन बसला. याच अर्थाने तो २००७ च्या विश्वचषकात वापरला जात होता, आणि १७ मार्चला, एकाच दिवशी, किंग्स्टनला आयर्लंडने पाकिस्तानला हरवले आणि पोर्ट ऑफ स्पेनला बांगलादेशाने भारताला.